अहिल्याबाईंचा कारभार : हिशेब हातात, काम माणसांवर



३१ मे ही अहिल्याबाई होळकरांची जयंती. त्यानंतर आठ दिवसांत मृग लागतो. म्हणून जयंतीच्या दिवशी आपण चावडीवर फोटोला हार घालतो, मंदिरे आणि घाट बांधणारी पुण्यवान राणी असे दोन शब्द बोलतो आणि बियाण्याच्या मागे लागतो. पण या बाईंनी जवळजवळ २८ वर्षे राज्य चालवले. ते कसे चालवले, माणसांकडून काम कसे करून घेतले, हे मात्र कोणी सांगत नाही. आज तेवढेच सांगणार आहे, कारण ते तुमच्या-माझ्या रोजच्या कामाचे आहे.

आधी माझी चूक सांगतो. कृषी खात्यात लागलो तेव्हा पहिल्या वर्षी एका गावात हरभऱ्याचे प्रात्यक्षिक घेतले. पदविका नवी, उत्साह दांडगा. बीजप्रक्रिया मी केली, दोन ओळींतले अंतर मी मोजले, फवारणीचे पाणीसुद्धा मीच मोजून ओतले. शेतकरी बांधावर बसून बघत होते. पीक झकास आले, फोटोही निघाले. दुसऱ्या वर्षी त्या गावात एकानेही बीजप्रक्रिया केली नाही. विचारले तर म्हणाले, साहेब आले नाहीत ना. मग दुसऱ्या गावात मी उलटे केले. बियाण्याच्या पिशव्या, पाकिटे आणि छापील पत्रक हातात दिले, समजावून सांगितले आणि निघालो. दीड महिन्यांनी गेलो तर बीजप्रक्रियेची पाकिटे गोठ्याच्या कोनाड्यात न फोडता पडलेली. एका गावात मी फार धरून बसलो, दुसऱ्या गावात फार सोडून दिले. दोन्हीकडे नुकसान शेतकऱ्याचे.

तुमच्याकडेही हेच चालते. कोणी सरपंच पाण्याच्या टाकीचा कॉकसुद्धा स्वतः फिरवतो, तर कोणी वर्षभर सह्या करून देतो आणि ऑडिटच्या वेळी जागा होतो. सालगड्यावर सगळे टाकणारे शेतकरी आहेत, तसे गड्याला औताचा फाळही बदलू न देणारे आहेत. मग धरायचे किती आणि सोडायचे किती? अहिल्याबाईंच्या आयुष्यात याचे बरेचसे उत्तर सापडते. त्यांचे कुठे अडले तेही सापडते, आणि ते मी लपवणार नाही.

सासऱ्याच्या हाताखाली

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा. गाव चौंडी, तालुका जामखेड, आजचा अहिल्यानगर जिल्हा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. म्हणजे चावडी, सारा, शिवारातली भांडणे हे सारे त्यांनी लहानपणी घरातच पाहिलेले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी लग्न झाले. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारला गेला. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी अडवले. मुलगा गेला, आता सूनही गेली तर दौलत कोण सांभाळणार, हा म्हाताऱ्याचा सरळ हिशेब होता.

मल्हाररावांनी सुनेला नुसते वाचवले नाही, कामाला लावले. स्वतः वर्षातले कितीतरी महिने मोहिमेवर असायचे. मागे घरची आणि मुलखाची व्यवस्था हळूहळू सुनेच्या हाती येत गेली. १७६५ मधले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी सुनेला चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जायला सांगितले, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करायला सांगितला, मोठ्या तोफा आणि दारूगोळ्याची तजवीज आणि वाटेवर चौक्या बसवण्याचे कामही दिले. लक्षात घ्या, काय करायचे ते नेमके सांगितले, पण ते कसे करायचे हे बघायला मल्हारराव बरोबर गेले नाहीत. काम सुनेने करायचे होते. अकरा-बारा वर्षे असे शिकवणे चालले. शेतीच्या भाषेत सांगायचे तर रोप आधी वाफ्यात तयार केले, मग रानात लावले.

१७६७ चा पेच

१७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव वारले. गादी नातवाला, म्हणजे अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव याला मिळाली. त्याची प्रकृती आणि मन दोन्ही ठीक नव्हते. वर्षही पुरे व्हायच्या आत, १७६७ मध्ये तोही गेला. नवरा, सासरा, मुलगा सगळे गेले. बाईंचे वय ४२.

आता दौलतीचा जुना कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड याने सुचवले की बाईंनी एखादे लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपल्यावर सोडावा. वरवर पाहिले तर सल्ला सोयीचा होता. बाईंना पूजाअर्चा करायला मोकळीक आणि त्रास नाही. त्यामागे पेशव्यांचे चुलते राघोबादादा होते. पण बाईंनी हिशेब ओळखला. मूल लहान म्हणजे सही कारभाऱ्याची, तिजोरी कारभाऱ्याची आणि नाव होळकरांचे. त्यांनी साफ नकार दिला. राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे आले. बाईंनी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांकडे माणसे पाठवली. ते राघोबादादांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली, आणि माधवरावांनी बाईंचा हक्क मान्य केला. लढाई न होता प्रकरण मिटले.

इथे पहिला धडा आहे. अधिकार वाटून देणे वेगळे आणि हातातून जाऊ देणे वेगळे. सोसायटीच्या सचिवाला काम द्यावे, पण कोरे चेक सही करून देऊ नयेत. चंद्रचूडांचा सल्ला म्हणजे कोरा चेकच होता.

दोन माणसे, दोन कामे

कारभार हाती आल्यावर बाईंनी पहिले काम काय केले असेल, तर आपल्याला काय जमत नाही ते मान्य केले. होळकरांची दौलत ही फौजेची दौलत. पेशव्यांची मोहीम निघाली की फौज घेऊन जावेच लागे. ते काम त्यांनी तुकोजी होळकरांना दिले. तुकोजी मल्हाररावांच्या विश्वासातला अनुभवी सरदार होता. वयाने बाईंपेक्षा थोडा मोठाच, तरी तो त्यांना आई मानत असे. त्याच्या शिक्क्यावर त्याचा उल्लेख मल्हाररावांचा मुलगा असा होता.

वाटणी अशी ठरली. फौज, मोहिमा आणि लांबच्या मुलखातली वसुली तुकोजीकडे. माळवा आणि निमाड बाईंच्या थेट कारभारात. तुकोजी दक्षिणेत असला की सातपुड्याच्या खालचा होळकरांचा मुलूख तो बघायचा, उत्तरेत असला की तिकडची खंडणी तो वसूल करायचा. पण घरची दौलत आणि दरबार बाईंच्या हातात, महेश्वरला, नर्मदेच्या काठी. पुणे, हैदराबाद, नागपूर, लखनौ, कलकत्ता अशा ठिकाणी त्यांचे वकील असत. पंचवीस वर्षांहून जास्त काळ ही जोडी टिकली. त्या काळात सख्खे भाऊ गादीसाठी एकमेकांवर तलवार काढत होते हे ध्यानात घ्या, म्हणजे ही गोष्ट केवढी मोठी ते कळेल.

पण तुकोजीवर फौज सोपवली म्हणून बाईंनी सगळेच सोडले नाही. इंदूरचा देवीचंद नावाचा सावकार मूलबाळ नसताना वारला. तुकोजीचा तळ इंदूरजवळ होता. आसपासच्या लोकांनी भरीला घातले आणि त्याने त्या इस्टेटीत वाटा मागितला. देवीचंदची विधवा महेश्वरला बाईंकडे गेली. बाईंनी तिचे ऐकून घेतले, वस्त्रे देऊन तीच घराची मालकीण असल्याचे जाहीर केले आणि तुकोजीला निरोप धाडला, की तळ इंदूरपासून मागे हलवावा आणि माझ्या शहराला त्रास देऊ नये. तुकोजीने ऐकले. म्हणजे बघा, फौज कुठे लढवायची, कशी लढवायची यात बाई पडत नव्हत्या. पण फौजेचा पाय रयतेच्या उंबऱ्यावर पडला की तिथे त्या उभ्या राहत.

माणूस नेमला की नेमला

सर जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्याचा कारभार बघायला आला. बाईंना जाऊन तेव्हा वीस-पंचवीस वर्षेच झाली होती. त्यांच्या हाताखाली काम केलेले म्हातारे जिवंत होते. माल्कमने आधी संशय घेतला, की लोक भक्तीपोटी वाढवून सांगत असतील. म्हणून त्याने वेगवेगळ्या लोकांकडून खातरजमा केली, आणि जितकी चौकशी केली तितका त्याचा आदर वाढला. १८२३ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात हे सारे आहे.

त्यातली एक गोष्ट प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावी. बाईंच्या राज्यात माणसे वारंवार बदलली जात नव्हती. गोविंदपंत गानू हे त्यांच्या राजवटीत बहुतेक काळ त्यांचे दिवाण होते. इंदूरचा कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून जास्त काळ त्याच जागेवर राहिला. कमाविसदार म्हणजे आजच्या भाषेत साधारण तहसीलदारासारखा, सारा वसूल करणारा आणि मुलूख बघणारा. वीस वर्षे एका जागी राहिलेल्या माणसाला कोणत्या गावाची जमीन हलकी, कोणाची विहीर आटते, कोण खरेच अडचणीत आहे आणि कोण सोंग करतो, हे सारे ठाऊक असते. इंदूर त्या काळात साध्या गावातून भरभराटीचे शहर झाले, ते काही एका दिवसात नव्हे.

उलट त्या काळात बऱ्याच ठिकाणी मामलत लिलावासारखी दिली जायची. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मुलूख. तो माणूस दोन वर्षांत घातलेला पैसा काढून घ्यायचा, मग रयत मरो की जगो. बाईंनी साऱ्याची आकारणी बेताची ठेवली, आणि गावचे वतनदार आणि जमीनधारक यांचे चालत आलेले हक्क पाळले. पाटलाची लेकच ती. गावाचे पोट कशावर चालते हे तिला कोणी शिकवायला नको होते.

पण एक ध्यानात घ्या. माणूस टिकवणे म्हणजे माणसाकडे पाठ करणे नव्हे. हिशेब वेळेवर आलाच पाहिजे आणि तो त्या स्वतः बघत. खासगीचा पैसा वेगळा, दौलतीचा वेगळा. खासगी म्हणजे १७३४ पासून होळकर घराण्याच्या स्त्रियांकडे चालत आलेली स्वतंत्र जहागीर. दानधर्म मुख्यतः या खासगीतून. घरखर्च आणि दुकानाचा गल्ला एकत्र झाला की दुकान बुडते, हे आपल्याला पटते. पण दुधाचे पैसे आणि पीककर्जाचे पैसे आपण एकाच खिशात ठेवतो, हेही तितकेच खरे.

बाईंचा राग कसा होता, तेही माल्कमने नोंदवले आहे. महेश्वरचा कारभार पाहिलेल्या एका जुन्या माणसाने त्याला सांगितले, की एरवी बाई शांत, पण कोणाचा लबाडपणा उघड झाला की जवळची माणसेसुद्धा समोर जायला भीत. स्तुती मात्र त्यांना खपत नव्हती. एकाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला.

गावचा निकाल गावात, पण कान उघडा

त्यांचा दिवस कसा जाई तेही ठाऊक आहे. सूर्योदयाच्या तासभर आधी उठायचे. पूजा, पुराण, दानधर्म, जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमाराला दरबारात यायचे ते सहापर्यंत. मग पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. असे वर्षानुवर्षे चालले. त्या पडद्यात बसत नसत. ज्याला गाऱ्हाणे सांगायचे त्याला थेट सांगता येई.

आता कोणी म्हणेल, एवढी भांडणे एकट्या बाई सोडवत होत्या काय? नाही. इथेच त्यांची हुशारी दिसते. बहुतेक दावे त्या पंचायतीकडे किंवा आपल्या कारभाऱ्यांकडे निकालासाठी पाठवत. बांधाचे भांडण बांधावरची माणसे जास्त चांगले सोडवतात, हे त्यांना कळत होते. पण पंचायतीने अन्याय केला असे कोणाला वाटले, तर त्याच्यासाठी महेश्वरचा दरवाजा उघडा असे. प्रकरण कितीही किरकोळ असो, अपील आले की त्या शांतपणे ऐकत.

याचा परिणाम दुहेरी होतो. पंचांना मान राहतो, कारण निकाल त्यांचा. आणि पंच वाकडे जात नाहीत, कारण वर कोणीतरी ऐकणारे आहे. तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी (पदांची नावे आता बदलली, काम तेच आहे) हे बघावे. तुमच्या शिपायाने, पाणीपुरवठ्याच्या माणसाने, रोजगार सेवकाने काम करायचे ते करू द्या. पण आठवड्यातला एक ठरलेला वेळ असा ठेवा, की ज्या दिवशी गावातली म्हातारी बाईसुद्धा थेट तुमच्यासमोर येऊन बोलू शकेल. तुम्ही तिथे नुसते बसलात तरी निम्मे काम सुधारते.

डोंगरातल्या भिल्लांची जबाबदारी

विंध्य आणि सातपुड्याच्या वाटांवर वाटमारी फार. डोंगरातले भिल्ल आणि काही गोंड वाटसरूंना लुटत. बाईंनी आधी सौम्यपणे घेतले. जमले नाही, तेव्हा कडक झाल्या, काही हट्टी म्होरक्यांना ठार करवले. पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कारण चौक्या किती बसवणार आणि शिपाई किती ठेवणार?

मग त्यांनी करार केला. भिल्लांच्या हद्दीतून माल जाईल त्यावर थोडीशी कवडी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. त्यालाच भिल्लकवडी म्हणत. पडीक जमिनी कसायला दिल्या. बदल्यात अट एकच. आपल्या हद्दीतल्या रस्त्याची राखण तुम्ही करायची, आणि तिथे चोरी झाली तर चोरलेला माल तुम्ही भरून द्यायचा.

ज्यांच्यापासून वाट राखायची, त्यांच्याच हाती वाटेची राखण दिली. पण मोकळी सोडून दिली नाही. उत्पन्न दिले, हद्द ठरवून दिली आणि जबाबदारी गळ्यात बांधली. या तिन्हीपैकी एक जरी गोष्ट राहिली असती, तरी हे काम फसले असते. आपल्या पाणीवाटप संस्था, पाणलोट समित्या कुठे फसल्या ते आठवून बघा. कुठे जबाबदारी दिली पण पैसा दिला नाही. कुठे पैसा दिला पण हद्द ठरवली नाही, म्हणून वरच्या आणि खालच्या गावात भांडण लागले. कुठे दोन्ही दिले, पण बंधारा फुटला तर कोणी भरून द्यायचे हे लिहिलेच नाही.

काशीचे काम महेश्वरातून

काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये, सोमनाथाचे १७८३ मध्ये बांधून झाले. गयेचे विष्णुपद मंदिरही त्यांचेच. याशिवाय देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा. आज मोटारीने जायला दोन दिवस लागतात, तिथे त्या काळी बैलगाडीने महिने लागत. म्हणजे ही कामे बाई उभ्या राहून करून घेत नव्हत्या. विश्वासू माणूस पाठवायचा, दरसालची रक्कम बांधून द्यायची आणि काम पुढे चालवायचे. मंदिर बांधले तर दिवाबत्तीची, घाट बांधला तर डागडुजीची सोयसुद्धा करायची. आपल्याकडे हातपंप बसतो त्या दिवशी नारळ फुटतो, पण वायसर गेला तर पैसे कुठून आणायचे याची तरतूद नसते. म्हणून हा भाग मुद्दाम सांगितला.

महेश्वरला त्यांनी बाहेरून विणकर आणून वसवले. महेश्वरी साडी आजही विकली जाते. बाईंनी माग चालवून दाखवला नाही. माणसाला जागा दिली, काम दिले आणि त्याचे कसब त्याच्यावर सोडले.

कुठे अडले

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर नुसती आरती होईल.

तुकोजी आणि बाईंची वाटणी टिकली खरी, पण तिच्यात एक गाठ राहून गेली. फौज तुकोजीकडे, तिजोरी बाईंकडे. मोहीम लांबली की तुकोजीला पैसा लागे. त्याची तक्रार असे, की पैसे वेळेवर येत नाहीत आणि शिपायांचे पगार थकतात. बाईंची तक्रार असे, की वसुलीचा हिशेब वेळेवर येत नाही. दोघांचेही खरे होते. जसजशी वर्षे गेली तसतशी ही ओढाताण वाढली. शेजारी महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या. होळकरांची फौज मागे पडली. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या फौजेने तुकोजीचा पराभव केला.

काम एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे, मधला हिशेब नीट ठरलेला नाही, असे झाले की प्रामाणिक माणसांतही कुरबुर होते. ग्रामपंचायतीचा सरपंच आणि ग्रामसेवक यांच्यात होते ती भांडणे बहुतेक याच जातीची. कोण खोटा हे शोधत बसू नका, हिशेब किती दिवसांनी द्यायचा ते आधी ठरवा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पुढच्याला तयार करणे. मुलगा आधीच गेला होता. मुलगी मुक्ताबाई. तिचे लग्न त्यांनी यशवंतराव फणसे याच्याशी लावले होते. तिचा मुलगा नथ्याबा हा आजीचा आधार होता. तो तरुणपणीच वारला. पाठोपाठ १७९१ मध्ये जावईही गेला आणि मुक्ताबाई सती गेली. बाईंनी तिला परोपरीने विनवले, पण ती थांबली नाही. सासऱ्याने एकदा सुनेला चितेवरून परत आणले होते. तीच सून स्वतःच्या मुलीला परत आणू शकली नाही. एवढे मोठे राज्य चालवणाऱ्या बाईंच्या हातातून हे निसटले.

तुकोजीची मुले राहिली होती. पण त्यांचे आपसांत पटत नव्हते, आणि वडिलांच्या पाठीमागे सगळ्यांना बांधून ठेवील असा कोणी तयार झाला नव्हता. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या. दोन वर्षांनी, १७९७ मध्ये तुकोजीही गेला. लगेच मुलांत गादीचे भांडण लागले. १८०१ मध्ये इंदूर शहर शिंद्यांच्या फौजेने लुटले. ज्या शहराजवळून बाईंनी आपल्याच सरदाराचा तळ मागे हलवायला लावला होता, त्या शहराचे सहा वर्षांत हे झाले.

दोष कोणाला द्यायचा? मृत्यू काही बाईंच्या हातात नव्हते. पण एक खरे, की कारभाराचा धाक आणि विश्वास त्यांच्या एकट्यावर उभा होता. मल्हाररावांनी सून तयार केली तशी बाईंच्या मागे कोणी तयार झालेली नव्हती. चांगल्या माणसाच्या हातात सारे व्यवस्थित चालते, तेव्हा पुढचा विचार सुचत नाही. नेमके तेव्हाच तो करायचा असतो.

आपल्या बांधावर

माझ्या कामाच्या भागात सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आहेत. हुशार, कष्टाळू, द्राक्षाची बाग नमुनेदार. मुलगा चाळिशीचा. औषध कोणते मारायचे ते वडील ठरवणार, छाटणीची तारीख वडील, व्यापारी वडील, बँकेचे पुस्तक वडिलांच्या ट्रंकेत. मुलगा सकाळी विचारतो, आज काय करू? गेल्या वर्षी वडील आजारी पडून पंधरा दिवस दवाखान्यात राहिले. नेमका बागेवर डाऊनी आला. मुलाला फवारणीचे वेळापत्रक ठाऊक नव्हते आणि दुकानदाराची उधारी किती तेही ठाऊक नव्हते. बागेचे निम्मे नुकसान झाले. मुलगा आळशी नव्हता. त्याला कधी ग्वाल्हेरला पाठवलेच नव्हते.

म्हणून यंदा पेरणीआधी घरात, सोसायटीत, कार्यालयात एवढे करून बघा. तीन गोष्टी स्वतःच्या हातात ठेवा : माणसाची निवड, पैशाचा हिशेब आणि गाऱ्हाणे ऐकणे. या तिन्ही दुसऱ्यावर टाकू नका. बाकी काम ज्याचे त्याला द्या, पण देताना हद्द, पैसा आणि जबाबदारी एकदम द्या. दिल्यावर मध्ये मध्ये हात घालू नका. गडी तिफण धरतो तेव्हा त्याच्या हातावर हात ठेवून चालू नका, नाहीतर ओळ वाकडी होईल आणि दोघेही एकमेकांना दोष द्याल. मात्र पेरणी झाल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी उगवण मोजायला जरूर जा.

आणि एक एकर मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने काढून द्या. सात-बाऱ्यावर नको, कामापुरता. बियाणे त्यांनी निवडायचे, खर्च त्यांनी लिहायचा, माल त्यांनी विकायचा. चुकले तर एका एकरात चुकेल. तुम्ही असताना चुकेल.

मी माझेही सुधारायचे ठरवले आहे. यंदाच्या प्रात्यक्षिकात बीजप्रक्रिया मी एकाच बादलीत करून दाखवणार. बाकीच्या बादल्या शेतकऱ्यांनी करायच्या, मी बांधावर बसणार. पण पंधराव्या दिवशी वही घेऊन प्रत्येकाच्या रानात येणार, हे आताच सांगून ठेवतो. पाकीट कोनाड्यात सापडले तर मात्र चहा घेणार नाही.